शिशावरची चांदी

दि. ४ मार्च

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले तर मायनाच आठवेना. बाबा पलंगावरून ओरडले, "नमस्कार तरी नीट घाल, तो आता मोठा माणूस आहे!" म्हणून घातला. गोड मानून घे.

तुझ्या विटा झाल्या. काल शेवटची टाकीतून बाहेर काढली, पुसून पॉलिश करून ठेवली. आरशाला लाजवतील अशा झाल्यात. सकाळी बेकरीवाला पाव द्यायला आला तर दारातच थबकला. "ताई, एवढी चांदी उघड्यावर टाकलीय?" मी म्हटलं, "घे एक, उशाला घे." गडी हसत उचलायला गेला आणि कंबर धरून खाली बसला. त्याला काही कळलं नाही, तू घाबरू नकोस. शिसं चांदीहून जड असतं हे बेकरीवाल्याला कुठून माहीत असणार? तुला माहीत आहे. लहानपणी शिशाची लगड पायावर पाडून घेऊन महिनाभर शाळा बुडवली होतीस.

तुझं म्हणणं मी नीट लक्षात ठेवलंय. खरी चांदी वितळवण्याच्या कारखान्यातून वेळेवर येत नाहीये. नव्या नोटेच्या खजिन्याच्या उद्घाटनाला काचेमागची फळी रिकामी दिसली तर लोक बिचकतील आणि नोटेला आधार म्हणून दिलेले दागिने परत मागतील. म्हणून तोवर शोभेला शिशाच्या विटा, वर चांदीचा मुलामा, आणि काम घरातलं म्हणून आपल्याच दुकानात. ती चांदी येणार कधी, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

बाबांना शिशाचं सांगितलेलं नाही. तूच तसं बजावलं होतंस. त्यांना वाटतं खजिन्याची खरी चांदी उजळायला आली आहे. आठवडाभर टाकीच्या खोलीला कुलूप लावून ठेवलं आणि वासाने खोकला वाढतो म्हणून त्यांना वरच बसवलं. पण जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतात, "माझ्या मुलाने देशाच्या नोटेला सोन्याचांदीचा आधार दिला, आणि त्या चांदीला उजाळा माझ्या दुकानाने दिला." शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य येतंच. "आपल्या कामाला आजवर पापुद्रा सुटलेला नाही."

इकडे सगळी गल्ली सोनं द्यायला निघाली आहे. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशी आल्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांच्याकडे एवढी एक साखळी उरली. दुपट्ट्याच्या टोकाला बांधून आणली आणि म्हणाल्या, "तुझा दादा भिंतीवरच्या चित्रातून हात पुढे करून सांगतो, कागदाला कणा द्या. देऊ का ग?" मी काय सांगणार? नियम वाचून दाखवला. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत पावती दाखवली तर दागिना परत मिळतो. बारानंतर तो देशाचा, आणि हातात राहते ती नवी नोट. नोटेवर छापलंय, मागताक्षणी शुद्ध धातू देण्यात येईल. त्यांनी विचार करून साखळी दिली. मी म्हटलं, पावती जपून ठेवा, आणि उद्घाटनाला या. लवकर या.

आता विटांबद्दल. उचलताना मऊ फडकं वापरा. रचून झाल्या की पुन्हा पुसू नका. आणि दिवे मात्र चांगले मोठे लाव, पिवळे, अगदी जवळून. हल्लीच्या थंड पांढऱ्या दिव्यांत चांदी मेल्यासारखी दिसते. मोठ्या दिव्याखाली खुलते. पैसा खर्च होईल, पण होऊ दे. रोज रोज थोडंच उद्घाटन असतं?

वहिनींना नमस्कार सांग. विटांचं शिसं आलं त्या दिवशी त्या गाडीतून उतरल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही, दुकानाच्या वासाने त्यांचं डोकं दुखतं हे मला माहीत आहे. खिडकीतून हात बाहेर काढून मजुरीचं पाकीट दिलं, तेव्हा बांगड्या पाहिल्या. छान आहेत. जुन्या घडणीच्या. फार वेळ बघायला मिळालं नाही, पण जेवढं दिसलं तेवढं पुरलं.

बाबांना उद्घाटनाला बोलवायला विसरू नकोस. त्यांनी आतापासूनच कोट झटकून ठेवलाय.

तुझी धाकटी


दि. १० मार्च

ती. दादा,

तुझं पत्र मिळालं. काम झकास झालंय म्हणतोस, वरचे साहेबही खूश आहेत. वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला, काचेच्या कपाटात स्वतः विटा रचताना. हातात पांढरे शुभ्र हातमोजे! बाबांनी तो फोटो कापून भिंतीला चिकटवलाय.

पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते वाचून मला आधी हसू आलं. "हिच्या हातातल्या बांगड्या तिने माहेरून आणलेल्या आहेत, तुझा काही गैरसमज नसावा." अरे, मी काय लिहिलं होतं? छान आहेत, एवढंच ना? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी बोलणार नव्हते. निदान उद्घाटनापर्यंत तरी नाही. आता तूच विषय काढलास तर ऐक.

त्या बांगड्यांतल्या एकीच्या जोडाला आतून गाठ आहे. मी चौदा वर्षांची असताना तो जोड उघडला होता. बाबा बाहेरगावी होते, तू परीक्षेला बसला होतास. आई म्हणाली, तूच कर. मी केलं, आणि जोड सांधायला डाग देताना नको तेवढा माल पडला. घासून घासून बाहेरून साफ केलं, आतली गाठ गेली नाही. मी रडायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे ग, टोचली की तुझी आठवण होईल." वहिनींनी पाकीट द्यायला मनगट वळवलं आणि ती गाठ माझ्यासमोर आली. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझं वाईट काम मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

माहेरून आणल्या म्हणे! अगदी बरोबर आहे. माहेर माझं होतं, एवढाच काय तो फरक.

सगळं पुन्हा सांगते. तुला आठवत नसेल, मोठ्या माणसांना आठवत नाही. आईचं औषध परदेशातून यायचं. बाबांनी मागचा गाळा विकला. आलेल्या पैशाचं सोनं घेऊन ठेवायचा त्यांचा विचार होता. तू तेव्हा बँकेत साहेब झाला होतास. इथे, याच टेबलाशी बसून म्हणालास, "बाबा, सोनं उशाला घेऊन झोपणं हा अडाणीपणा आहे. देशाच्या कागदावर विश्वास ठेवा." ठेवला त्यांनी. मुलगा बँकेत, मग कोणावर ठेवायचा? जाता जाता आईच्या बांगड्याही घेऊन गेलास. ओळखीचा सराफ आहे, इतर कोणी देणार नाही असा भाव देईल. दोन दिवसांनी नोटांचं बंडल आणून दिलंस. आईने ते उशाखाली ठेवलं आणि मला म्हणाली, दादा होता म्हणून निभावलं.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर सांगितलं. जुन्या दहाची किंमत आता एक. गाळ्याचे पैसे गेले, बंडल गेलं. औषधाच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी हात वर केले. हिवाळा संपायच्या आत आई गेली. बाबांनी त्या वयात पुन्हा टाकीवर उभं राहून तेजाबाची वाफ छातीत भरून घेतली, तो खोकला अजून जात नाही.

नोटांचा तो आदेश तुझ्या टेबलावर आधीच आला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्याच शिपायाने सांगितलं. तरी मी गप्प राहिले. म्हटलं, नोकरी आहे, शपथ असते, तोंड उघडता आलं नसेल त्याला. दादाचाही नाइलाज. इतकी वर्षं मी तुला ही सूट देत आले रे! भेटायला येत नाहीस याचाही राग धरला नाही. वाटायचं, लाज वाटत असेल. आणि तू काय केलंस? बुडणारा कागद आईच्या हातात ठेवलास आणि तिच्या हातातलं सोनं काढून घेतलंस. सराफ तूच. केसाने गळा कापलास, आणि तोही आजारी आईचा.

म्हणूनच तर तुला आता सोन्याचांदीचा पुळका आलाय. सभेत टाळ्या घेतोस, "कागदाला कणा हवा!" कागद किती पोकळ असतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

मला बांगड्या नकोत. पैसेही नकोत. पंधरा तारखेच्या उद्घाटनाआधी एकदा घरी ये. बाबांसमोर बस आणि त्यांना तुझ्या तोंडाने सांग, त्या आठवड्यात काय केलंस ते. एवढंच. दरवाजा उघडा आहे. आलास तर तुझ्या विटांवरही पुन्हा एकदा हात फिरवून देईन, घाईत काही राहून गेलं असेल तर. नाही आलास तर काय, ते मी लिहीत नाही. आपण मुलाम्याच्या धंद्यातली माणसं. आपलं बोलणं कमी, कामच बोलतं.

वाट पाहते.

धाकटी


दि. १८ मार्च

दादा,

तू आला नाहीस. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुझं पाकीट आलं. दोन पास, एक कोरी करकरीत नवी नोट, आणि तुझी ओळभर चिठ्ठी. "यात बांगड्यांचा विषय मिटला असं समजतो." पुन्हा कागदच! तुला दुसरं काही देताच येत नाही का रे? ती नोट मी उजेडात धरून पाहिली. मागताक्षणी शुद्ध धातू. मला मोठ्याने हसू आलं. बाबांनी विचारलं काय झालं. म्हटलं, दादाने पास पाठवलेत.

तेवढा एक दिवस माझ्या हातात होता. वाटलं असतं तर तुझ्या कचेरीत निरोप धाडून त्या विटा परत मागवता आल्या असत्या. मी तसं केलं नाही. मी बाबांच्या कोटाला इस्त्री केली.

आता जे तुला एव्हाना कळलंच असेल ते लिहून टाकते. मी तांबं दिलं नाही. शिशावर चांदी थेट धरत नाही. आधी तांब्याचा पातळ हात द्यावा लागतो, मग ती कायमची बसते. तांबं गाळलं तरी दिसायला अगदी तश्शीच दिसते, पण ऊब लागली की खालून सुटते आणि फोड येतात. हे तुला मी शिकवू? बाबांनी आपल्या दोघांना एकाच स्टुलावर बसवून शिकवलंय. काम हातात आलं की आधी कडेला नखाने खरवडून बघायचं, हेही शिकवलंय. तू एकदा नख लावलं असतंस तर तिथेच पकडली गेले असते. पण तू हातमोजे घातलेस. आपल्या धंद्यातला कोणीही परका हे करणार नाही, दादा. दुकानाची लाज वाटणारा दुकानदाराचा मुलगाच हे करणार. मी त्यावरच तर भरवसा ठेवला होता.

आणि दिवेही लावलेस, अगदी मोठे, पिवळे आणि जवळून. धाकट्या बहिणीचं एवढं तरी ऐकलंस.

तू मंचावर होतास, तुला तिथून सगळं दिसलं नसेल. मी काचेपाशीच उभी होते. बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. शिलाईवाल्या मावशी पावती मुठीत धरून माझ्या बाजूला. तू माईकवर, "आज आपल्या कागदाला पाठीचा कणा मिळाला," आणि तेवढ्यात वरच्या थरातल्या विटेला पहिला फोड आला. वाटाण्याएवढा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मावशी म्हणाल्या, "अग बाई, चांदीला देवी आल्या!" मागची माणसं पुढे सरकली. तुझं भाषण चालूच होतं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! खोटं बोलत नाही. आई गेली त्या दिवसापासून छातीत जे बसलं होतं ते हललं. मनात म्हटलं, बोल, अजून बोल.

मग बाबा खुर्चीवरून उठले.

हे मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं त्यांना तेवढं दिसणार नाही. पण सुटलेला मुलामा ओळखायला त्यांना डोळे लागत नाहीत. काचेपाशी येऊन त्यांनी पहारेकऱ्याला म्हटलं, "उघड." त्या कोटाला आणि त्या आवाजाला घाबरून त्याने उघडलं. बाबांनी फोडावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि पापुद्रा वेफरसारखा उचलला. खाली करडं. एकच शब्द बोलले, "शिसं." हळूच बोलले, पण तू नेमका श्वास घ्यायला थांबला होतास.

पुढचं तुला माहीत आहे. "ही शोभेची प्रतिकृती आहे," असं तू माईकवर तीनतीनदा सांगितलंस, पण ऐकायला होतं कोण? सगळी गर्दी दागिने परत देणाऱ्या खिडकीवर. बाराच्या आत जवळजवळ सगळ्यांनी आपापले दागिने परत घेतले. मावशींची साखळी त्यांच्या गळ्यात आहे, आता त्या आंघोळीलाही काढत नाहीत. सोनं खरंच होतं खजिन्यात, हे मात्र कबूल करते. तेवढ्यापुरता तू प्रामाणिक निघालास. पण एका शिशाने सगळं सोनं बाटवलंस.

इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं तर हे पत्र पेढे वाटल्यासारखं असतं. पण नंतर तपासनीस आला आणि तू त्याला काय सांगितलंस? "मी दुकानाला चांदी दिली होती. दुकानाने ती खाऊन शिसं परत दिलं." दुकानाने! ते दुकान कोणाचं रे? तुझ्या शाळेची फी कोणत्या टाकीतून निघाली? आईला लुटलंस ते लपूनछपून. बाबांना चोर म्हणालास ते भर कचेरीत, ते समोर उभे असताना.

मी पुढे होऊन बोलणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तपासनीसाला म्हणाले, "मुलामा माझ्या हातचा. वय झालंय, तांबं द्यायला विसरलो. चांदी की शिसं ते माझ्या मुलाला पुन्हा एकदा विचारा."

विसरलो! ज्या माणसाने आई अंथरुणावर असतानाही एका समईचा हात चुकवला नाही, तो म्हणाला विसरलो. चार लोकांत. तपासनीसाने ते लिहून घेतलं आणि त्यांना सोमवारी बोलावलंय.

घरी आल्यावर मी चहा केला. त्यांनी कप हातात घेतला नाही. विचारलं, "शिसं त्याने आणलं?" मी हो म्हटलं. "तांबं तू गाळलंस?" तेही हो म्हटलं. मग मी बांगड्यांचं सांगितलं, सराफाचं, बंडलाचं, सगळं. मला वाटलं आता ते तुला शिव्या देतील. निदान रडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मला सांगायचंस. माझं काम का नासवलंस?" मी गार झालेला कप उचलून ठेवला. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दोघंही एकाच माळेचे मणी."

मला तुझ्याबरोबर ओवलं, दादा! मी त्यांचं सगळं केलं. त्यांचा खोकला ऐकत जागले, दुकान चालवलं, लग्नसुद्धा केलं नाही. आणि शेवटी मी तुझ्या शेजारचा मणी. आईच्या बांगड्यांचं एक वेळ विसरेन, पण हे तुला जन्मात माफ करणार नाही. आणि खरं सांगू? मलाही. तुला हात दाखवायच्या नादात बाबांचा हात बदनाम केला, हे मला आता कळतंय. कळून उपयोग काय? ते तीन दिवस जिना उतरलेले नाहीत. गिऱ्हाईक आलं तर वरूनच सांगतात, दुकान बंद आहे.

आता नीट ऐक. सोमवारी दहाला मी तपासनीसाकडे जाणार आहे. तांबं मी मुद्दाम गाळलं, बाबांना विटांतलं काही ठाऊक नव्हतं, हे सांगणार आहे. त्याची जी शिक्षा होईल ती होईल. मला त्याची भीती नाही. माझ्याबरोबर भंगारवाला येणार आहे. कोणता, ते तुला माहीत आहे. तुझ्या गाडीत शिसं भरून दिलं तेव्हाच त्याला नवल वाटलं होतं, खजिन्याला एवढं शिसं कशाला? परवा तो आपणहून दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याला चोर म्हणतात हे मला बघवत नाही."

म्हणजे तू सुटत नाहीस. ती आशा सोड. आता एवढंच उरलंय की खरं तू सांगतोस की मी. तू आलास आणि तुझ्या तोंडाने म्हणालास की शिसं मीच दिलं, तर मी तिथेच थांबेन. बांगड्यांचं एक अक्षर काढणार नाही. नाही आलास तर सुरुवातच तिथून करीन. त्या आठवड्यापासून, तुझ्या टेबलावरच्या आदेशापासून, तुझ्या त्या सराफापासून. वहिनींना साक्षीला बोलवायला लावीन आणि जोडाची गाठ सगळ्यांना हात लावून बघायला लावीन. मग देशाच्या कुठल्याही खिडकीवर तुझ्या सहीला कोणी विचारणार नाही. ही धमकी आहे. मी उगाच गोड शब्द वापरत नाही.

राग गेलाय असं समजू नकोस. तुझी फजिती डोळ्यांनी पाहिली तरी पोट भरलेलं नाही.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी मी बाबांना वाचून दाखवलं. मी मुद्दाम सगळं वाचलं, मला लागणारंही. त्यांनी एक शब्दही बदलायला सांगितला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "येईल का ग तो?"

मी कागद पुढे ओढून हे लिहायला घेतलं. उत्तर तू द्यायचंस.

तुझी वाट न बघता सोमवारी कचेरीच्या पायरीवर उभी असणारी,

धाकटी